माणसं, यंत्रं आणि उरलेला आकडा

१९५० च्या दशकापर्यंत कुठल्याही मोठ्या बंदरात जहाज लागलं की धक्क्यावर माणसांची झुंबड उडायची. पोती, पिंपं, लाकडी पेट्या, गठ्ठे, सगळं नगानग हातानं उचलायचं, दोरीच्या जाळ्यात बांधायचं, क्रेननं वर घ्यायचं आणि जहाजाच्या पोटात उतरून पुन्हा नगानग रचायचं. गोल पिंपाशेजारी चौकोनी पेटी कशी बसवायची, नाजूक माल कशावर ठेवायचा, ओझं एका बाजूला कसं जाऊ द्यायचं नाही, ही गोदी कामगारांची विद्या होती. काम अंगमेहनतीचं आणि जिवावरचं. माणसं कामचुकार नव्हती, जहाजंही लाखमोलाची होती. तरी मालवाहू जहाजाच्या आयुष्यातला मोठा काळ धक्क्याला बांधून घेण्यातच जायचा.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ‘आयडियल एक्स’ नावाचं जुनं तेलवाहू जहाज ह्यूस्टनकडे निघालं. त्याच्या डेकवर ५८ मोठे धातूचे खोके ठेवलेले होते. ही युक्ती ट्रक वाहतुकीच्या धंद्यातल्या माल्कम मॅक्लीन यांची. ट्रकमधला माल उतरवायचाच कशाला, ट्रकची पेटीच उचलून जहाजावर ठेवू, इतकीच. सुटा माल चढवायला त्या वेळी टनामागे सहा डॉलरांच्या जवळपास खर्च यायचा. खोक्यांमुळे तो वीस सेंटांच्या आत आला.

धक्क्यावरची माणसं त्या दिवशी वाढली नव्हती. कुणी जास्त घाम गाळला नव्हता आणि जहाज तर दुसऱ्या महायुद्धातलं होतं. बदलली होती कामाची मांडणी. देशाची अर्थव्यवस्था वाढते म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर जीडीपीच्या चढत्या आलेखापेक्षा मला हा धक्का जास्त उपयोगी वाटतो.

पुस्तकी उत्तर एका ओळीत मावतं. देशात वर्षभरात जितक्या वस्तू आणि सेवा तयार होतात, त्या तीन गोष्टींवर ठरतात. किती माणसं किती तास काम करतात, त्यांच्या हाताशी किती साधनं आहेत, आणि त्या माणसांचा नि साधनांचा मेळ किती चांगला बसवलाय. पहिलं श्रम, दुसरं भांडवल, तिसरी उत्पादकता. यातल्या ‘भांडवल’ या शब्दाचा अर्थ बँकेतली रोकड असा घेऊ नका. इथं भांडवल म्हणजे यंत्रं, इमारती, रस्ते, पूल, विजेच्या तारा, संगणक. म्हणजे आधी कुणीतरी मेहनत करून बनवून ठेवलेली आणि आता कामात हातभार लावणारी साधनं.

खरा गोंधळ तिसऱ्या शब्दाचा. ‘उत्पादकता वाढवा’ असं साहेब म्हणाले की कामगाराला ‘आता आणखी राबा’ असंच ऐकू येतं. त्यात कामगाराची चूक नाही. पुष्कळदा साहेबांनाही तेच म्हणायचं असतं. पण आठ तासांचे दहा तास केले तर वाढले ते श्रम. हिशेबात ते पहिल्या खात्यात जातात. उत्पादकता वाढली असं म्हणायचं ते तेवढ्याच तासांत, तेवढ्याच साधनांनी जास्त काम निघालं तर.

एक शिवणाची खोली डोळ्यांसमोर आणा. चार शिलाई मशीन, चार कारागीर, कापड कापायचं एक टेबल. दिवसाला ४० शर्ट होतात असं धरू. पाचवा माणूस आणला की तो काज-बटणं करेल, धागे तोडेल, घड्या घालेल. चौघांचा वेळ वाचेल आणि शर्ट ४८ होतील. सहाव्यानं ५२ होतील. सातवा काय करणार? कुणी पाणी प्यायला उठलं की त्याच्या मशीनवर बसणार. दहाव्याला तर लोक बाहेर जाऊन बस म्हणतील.

आता उलट करा. माणसं चारच ठेवा आणि मशीन वाढवा. पाचवं मशीन कामाचं, कारण एखादं बंद पडलं तर खोळंबा होत नाही. सहावं एखाद्या वेगळ्या टाक्यासाठी ठेवता येईल. दहावं मात्र कोपऱ्यात कपडे टांगायच्या कामाला येईल. एक बाजू तशीच ठेवून दुसरीच वाढवत नेली की प्रत्येक नव्या भरीचा उपयोग आधीच्यापेक्षा कमी होत जातो. याला घटत्या फलाचा नियम म्हणतात. आर्थिक वाढीच्या सिद्धांतातला निम्मा भाग या खोलीतच आला.

राहिलेला निम्मा असा. एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येतं की प्रत्येक जण अख्खा शर्ट शिवतो आणि दर थोड्या वेळानं उठून टेबलापाशी पुढचा तुकडा शोधत उभा राहतो. मग एक जण फक्त कॉलर करतो, दुसरा बाह्या, तिसरा अंग जोडतो. कापलेले तुकडे मापाप्रमाणे गठ्ठे बांधून सकाळीच ज्याच्या त्याच्या हाताशी ठेवले जातात. माणसं चार, मशीन चार, शर्ट ६०. अॅडम स्मिथ यांनी १७७६ साली टाचण्यांच्या कारखान्याचं जे वर्णन केलं ते याच धर्तीचं होतं. एकट्यानं सगळं करायचं तर दिवसाला वीस टाचण्याही व्हायच्या नाहीत, असं ते म्हणतात. दहा जणांनी काम वाटून घेतलं की दिवसाला ४८,००० टाचण्या निघत.

पहिल्या दोन शिड्या

श्रमाचं गणित लवकर आटपतं. लोकसंख्या दुप्पट झाली आणि उत्पादनही दुप्पट झालं, तर देश मोठा झाला खरा, पण माणशी वाट्याला येणारं तेवढंच राहिलं. म्हणून ‘अर्थव्यवस्था वाढली’ आणि ‘लोक सुखवस्तू झाले’ ही वाक्यं वेगवेगळी ठेवलेली बरी. श्रमामुळे माणशी उत्पन्न वाढतं ते लोकसंख्येतला कमावणाऱ्यांचा वाटा वाढला तर. मुलं कमी झाली, घराबाहेर काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली, लोक शिकले, की काही दशकं मोठी झेप मिळते. पण स्त्रिया कामावर येण्याचा फायदा एकदाच मिळतो. निरक्षर पिढीच्या जागी शिकलेली पिढी येण्याचाही एकदाच. पुढे तीच लोकसंख्या म्हातारी होऊ लागली की चाक उलटं फिरतं. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून काम करण्याच्या वयातल्या लोकांची संख्या घटत आली आहे. त्या देशाच्या मंदावलेल्या आकड्यांवर बोलताना हे पुष्कळदा विसरलं जातं.

आणखी एक गोष्ट बघा. दीडशे वर्षांपूर्वी आजच्या श्रीमंत देशांतला कामगार वर्षाला ३,००० तासांच्या आसपास काम करत असे. आज त्यातल्या बहुतेक देशांत हा आकडा २,००० च्या आत आहे. तास घटले आणि उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं. लोकांनी जास्त राबल्यामुळे देश श्रीमंत होतो, असं अजूनही वाटत असेल तर हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

भांडवलाची शिडी यापेक्षा उंच आहे. आज खायचं थोडं कमी करून उद्यासाठी साधनं उभी करायची, ही बचत-गुंतवणुकीची वाट गरीब देशाला फार वर नेते. जिथं रस्ताच नाही तिथला पहिला रस्ता सोन्याचा असतो. पण दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे शिवणाच्या खोलीतलं दहावं मशीन. दुसरी म्हणजे घसारा. यंत्रं झिजतात, पूल गंजतात, संगणक पाच-सहा वर्षांत जुने होतात. जितकी साधनं जास्त, तितकी दरवर्षी नुसती जागच्या जागी टिकवायला लागणारी रक्कमही जास्त. एक दिवस असा येतो की होणारी सगळी बचत डागडुजी आणि बदली यातच खपते. त्यानंतर निव्वळ गुंतवणुकीच्या जोरावर माणशी उत्पन्न पुढे सरकत नाही. रॉबर्ट सोलो यांनी १९५६ साली हे गणितात मांडलं आणि १९८७ साली त्यांना याच कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सोव्हिएत संघाचा अनुभव हा या गणिताचा सगळ्यात मोठा पुरावा. शेतातली माणसं कारखान्यांत आणली, लोकांच्या वापराच्या वस्तू आवळून पोलाद, वीज, धरणं यांत पैसा ओतला. १९५० च्या दशकात तिथली वाढ इतकी जोरात होती की पाश्चिमात्य देशांना घाम फुटला होता. नंतर आणायला माणसं उरली नाहीत. यंत्रं ओतत राहिले, पण प्रत्येक नव्या यंत्रामागे मिळणारं उत्पादन घटत गेलं. १९७० आणि ८० च्या दशकांत वाढ मंदावत मंदावत जवळजवळ थांबली.

सिंगापूरचं उदाहरण जास्त वादाचं आहे. १९६६ ते १९९० या काळात तिथली अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी साडेआठ टक्क्यांनी वाढली. अर्थतज्ज्ञ अल्विन यंग यांनी त्या वाढीचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की लोकसंख्येतलं काम करणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेलं होतं आणि उत्पादनातला गुंतवणुकीचा वाटा ११ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या वर. सगळी वाढ या दोन खात्यांतच संपत होती. तिसऱ्या खात्यात फारसं काही उरत नव्हतं. १९९४ साली पॉल क्रुगमन यांनी याच आधारावर आशियाई चमत्कार हा चमत्कार नव्हेच, असा लेख लिहिला आणि सिंगापूरची तुलना थेट सोव्हिएत संघाशी केली. कामगारांचं प्रमाण आणखी एकदा दुप्पट होऊ शकत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पण मला ती तुलना जरा कडवटच वाटते. शिडी चढून माणूस वर पोचला असेल तर ‘ही नुसती शिडी होती’ असं म्हणून तो खाली येत नाही. सिंगापूर आज जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांत मोडतं आणि सोव्हिएत संघ नकाशावर नाही. दोघांनी साठवलं सारखंच, पण साठवलेल्यातून लोकांना हवं ते बाहेर येतंय की नाही हे एकाला बाजार रोज विचारत होता आणि दुसऱ्याला कुणीच विचारत नव्हतं.

उरलेला आकडा

हे तिसरं खातं भरतात कसं? गंमत अशी की ते भरत नाहीत. उत्पादकता कुठं मोजपट्टी लावून मोजता येत नाही. ती वजाबाकी करून काढावी लागते.

समजा एका देशाचं उत्पादन वर्षभरात ५ टक्क्यांनी वाढलं. कामाचे तास दीड टक्क्यानं वाढले आणि भांडवल ६ टक्क्यांनी. देशाच्या उत्पन्नातले ढोबळमानानं दोन तृतीयांश पगार-मजुरीत जातात आणि एक तृतीयांश नफा, भाडं, व्याजाच्या रूपानं भांडवलाकडे, असं धरून तेच वजन दोघांना द्यायचं. मग श्रमाचा वाटा दीडचे दोन तृतीयांश, म्हणजे १ टक्का. भांडवलाचा वाटा सहाचा एक तृतीयांश, म्हणजे २ टक्के. दोन्ही मिळून ३. वाढ तर ५ झाली. वरचे २ टक्के कुठून आले? ते कुठल्याच खात्यात बसत नाहीत, म्हणून त्यांना उत्पादकता म्हणायचं.

सोलो यांनी १९५७ साली अमेरिकेचा १९०९ ते १९४९ असा चाळीस वर्षांचा हिशेब याच रीतीनं लावला. त्या काळात तिथं दर तासामागचं उत्पादन साधारण दुप्पट झालं होतं. त्यातला आठवा हिस्सा यंत्रसामग्री वाढल्यामुळे आला होता आणि उरलेले सात हिस्से वजाबाकीतून निघालेले. ज्याच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली ते भांडवल कोपऱ्यात, आणि ज्याला धड नावही नाही तो शिल्लक आकडा मधोमध. मोझेस अब्रामोविट्झ यांनी त्याच सुमारास या शिल्लक आकड्याला ‘आपल्या अज्ञानाचं माप’ म्हटलं होतं. इतकं प्रामाणिक विधान अर्थशास्त्रात क्वचितच सापडतं.

अज्ञान म्हटलं तरी त्या पोत्यात काय काय असतं याचा अंदाज आहे. नवे शोध असतात. चांगली व्यवस्था असते. करार पाळले जातील हा भरवसा असतो. तो नसेल तर अर्धा वेळ मालावर पहारा देण्यात जातो. सरावही असतो. स्वीडनमधल्या होर्नडाल इथल्या पोलाद कारखान्यात पंधरा वर्षं जवळजवळ काहीच नवी गुंतवणूक झाली नव्हती, तरी दर तासामागचं उत्पादन वर्षाला सुमारे २ टक्क्यांनी वाढत राहिलं. तीच भट्टी, तीच माणसं. त्यांना ती भट्टी हळूहळू जास्त कळत गेली. केनेथ अॅरो यांनी १९६२ साली ‘करता करता शिकणं’ हा विचार मांडला तेव्हा होर्नडालचा दाखला दिला होता.

माणसं कुठं काम करतात, हेही त्यातच येतं. दहा जण राबतात त्या शेतातले चौघं निघून गेले तरी पीक तेवढंच येत असेल, तर ते चौघं तिथं कामावर असूनही एका अर्थी बेकारच होते. तीच माणसं कारखान्यात गेली की देशाचं उत्पादन वाढतं. त्यांच्या मनगटात मात्र काही नवं आलेलं नसतं. आर्थर लुईस यांनी १९५४ साली हे सांगितलं आणि गरीब देशांच्या विकासाची निम्मी चर्चा तेव्हापासून याच वाटेनं चालते. याची दुसरी बाजू म्हणजे अडकलेलं भांडवल. बुडीत धंद्याला कर्जावर कर्ज देऊन जगवलं की ती यंत्रं, ती माणसं आणि तो पैसा चांगल्या हाती जायचे राहतात.

विचारांचं आणखी एक वेगळेपण आहे. शिलाई मशीन एका वेळी एकच कारागीर वापरू शकतो. काम वाटून घेण्याची कल्पना मात्र हजार खोल्यांत एकाच वेळी वापरली तरी झिजत नाही. तिला घसारा नाही. पॉल रोमर यांनी १९९० साली याच मुद्द्यावर आपला सिद्धांत उभा केला आणि २०१८ साली त्यांनाही नोबेल मिळालं. खोक्यांच्या जहाजांचंच बघा. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचे खोके वेगळ्या मापाचे, कोपऱ्यांचे अडकवणही वेगळं. एकाचा खोका दुसऱ्याच्या क्रेनला बसायचा नाही. १९६० च्या दशकात मॅक्लीन यांनी आपल्या कंपनीची त्या कोपऱ्यांवरची पेटंटं सगळ्यांना मोफत वापरू दिली आणि जागतिक मापं ठरली. खोका हे भांडवल होतं. पण जगभराच्या बंदरांत एकच माप चालणं, ही यातली विचाराची बाजू. अर्थात इथं हिशेब थोडा सरमिसळ होतो. तो विचार राबवायला नव्या क्रेन, नवी बंदरं, नवी जहाजं लागलीच. नवी कल्पना बहुतेक वेळा यंत्राच्या पोटात बसूनच येते, त्यामुळे भांडवल आणि उत्पादकता यांच्यातली रेघ कागदावर दिसते तितकी सरळ नसते.

आणि गोदी कामगारांचं काय झालं, हेही सांगायला हवं. पिंपाशेजारी पेटी बसवण्याची त्यांची विद्या काही वर्षांत निरुपयोगी झाली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या संघटनेनं १९६० साली मालकांशी करार केला: यंत्रं येऊ द्या, पण वाचलेल्या पैशातला वाटा आमच्या निवृत्तीला आणि हमीच्या पगाराला द्या. बाकी बऱ्याच बंदरांत इतकंही झालं नाही. उत्पादकता वाढली की देशाचा हिशेब सुधारतो; कुणाच्या ताटात किती पडतं ते वेगळ्या भांडणात ठरतं.

यंत्र आलं, मांडणी तीच

मला या सगळ्यात सगळ्यात बोलकी वाटते ती विजेची गोष्ट. एडिसन यांचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र १८८२ साली सुरू झालं. विजेची मोटर तेव्हा नवलाईची राहिलेली नव्हती. तरी १९०० साली अमेरिकी कारखान्यांतल्या एकूण यंत्रशक्तीपैकी विजेचा हिस्सा ५ टक्क्यांच्याही आत होता. आणि ज्यांनी मोटर बसवली त्यांना तरी काय मिळालं? कोळशात थोडी बचत.

याचं कारण कळायला वाफेवरच्या कारखान्यात डोकवावं लागतं. तळात एक मोठं इंजिन. त्यावर फिरणारा जाडजूड लोखंडी शाफ्ट छताखालून इमारतभर गेलेला. त्या शाफ्टवर पुल्या, पुल्यांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरलेले, आणि प्रत्येक पट्ट्याला एक यंत्र. इंजिन चालू असेतो सगळा सांगाडा फिरत राहायचा, मग एकच यंत्र वापरात असो की शंभर. शाफ्ट लांब केला तर घर्षणात शक्ती वाया जाते, म्हणून इमारती बैठ्या न बांधता मजल्यावर मजले चढवायचे आणि यंत्रं दाटीवाटीनं कोंबायची. कुठलं यंत्र कुठं ठेवायचं हे कामाच्या क्रमावरून ठरायचंच नाही. जास्त शक्ती खाणारं यंत्र इंजिनाजवळ, एवढाच नियम. मग माल वर-खाली, मागे-पुढे फिरत राहायचा. छतातून तेल ठिबकायचं, पट्ट्यांनी उजेड अडायचा, आणि एक पट्टा तुटला की अख्खा मजला थांबायचा.

पहिल्या पिढीतल्या मालकांनी केलं काय, तर इंजिन काढून तिथं एक मोठी विजेची मोटर ठेवली. वरचा शाफ्ट तोच, पट्टे तेच, मजले तेच. मग फायदा होणार कुठून? खरा फायदा आला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर लागली तेव्हा. आता शाफ्टची गरज उरली नाही. शाफ्ट गेला म्हणून मजले गेले. एकमजली, लांबरुंद, छतातून उजेड येणारी शेड उभी राहिली. यंत्रं कामाच्या क्रमानं लावता आली. पण त्यासाठी नव्या इमारती लागल्या, नव्या जागा लागल्या, वेगळा विचार करणारे इंजिनिअर लागले, आणि जुन्या इमारतीत पैसा अडकलेले मालक मागे पडावे लागले. अमेरिकी कारखान्यांची उत्पादकता उसळली ती १९२० च्या दशकात, वीजकेंद्र सुरू झाल्यावर चाळीस वर्षांनी. आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० साली ही कहाणी तपशिलानं मांडली.

यंत्रं अशी क्रमानं लावता आली म्हणूनच फोर्डची सरकती जोडणी शक्य झाली. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात मॉडेल टी मोटारीचा सांगाडा जोडायला बारा तासांच्या वर लागत. काही महिन्यांत ते ९३ मिनिटांवर आलं. माणूस मालाकडे जाण्याऐवजी माल माणसाकडे येऊ लागला. मात्र दिवसभर तोच बोल्ट पिळणं लोकांना असह्य झालं. इतके जण सोडून जात की त्या वर्षी हजेरीपटावरची संख्या टिकवायला तिच्या साडेतीन पटींहून जास्त माणसं भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डनं नऊ तासांची पाळी आठ तासांवर आणली आणि दिवसाचा मोबदला ५ डॉलर, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त केला. ही उदारता होती असं मानायचं कारण नाही, हिशेब होता. पण मिनिटं वाचली होती म्हणूनच तो हिशेब करता आला.

सगळीकडे अशी मिनिटं वाचत नाहीत, हे मान्य. चार वादकांनी पाऊण तासाची रचना वाजवायची तर दोनशे वर्षांपूर्वीही चार माणसं आणि पाऊण तास लागायचा, आजही तेवढंच. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमल यांनी १९६० च्या दशकात हे दाखवून दिलं. शिक्षक, नर्स, म्हाताऱ्यांची देखभाल करणारी माणसं यांचंही बरंचसं असंच. कारखान्यांत पगार वाढले की इथंही वाढवावे लागतात, नाहीतर शिकवायला कुणी येणार नाही. म्हणून मोटारी आणि पंखे माणसाच्या कमाईच्या मानानं स्वस्त होत जातात आणि शाळा-दवाखाने महाग. श्रीमंत देशांत लोकांची बरीचशी कामं आता कारखान्यांतून शाळा-दवाखान्यांसारख्या सेवांकडे सरकली आहेत. तिथली वाढ संथ होण्यामागचं हे एक कारण. याचा अर्थ वर्गात मुलं दुप्पट कोंबावीत असा नाही, जरी हिशेबाच्या वहीत तीही उत्पादकताच दिसेल.

छोटे टक्के मोठं काय करतात, तेही इथंच सांगून टाकतो. ७० ला वाढीच्या दरानं भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं निघतात. माणशी उत्पन्न वर्षाला १ टक्क्यानं वाढलं तर दुप्पट व्हायला ७० वर्षं. २ टक्क्यांनी वाढलं तर ३५. नातवाच्या वयात दुप्पट की चौपट, हा फरक त्या एका टक्क्याचा.

१९८७ साली, नोबेल मिळालं त्याच वर्षी, सोलो यांनी आणखी एक वाक्य लिहिलं होतं: संगणकाचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. मला ते वाचल्याबरोबर पटलं, कारण मी ज्या कार्यालयात नोकरीला लागलो तिथं नुकतेच संगणक आले होते. आवक पत्र आलं की दत्ता नावाचा आमचा शिपाई ते आणून ठेवायचा. मग त्याची नोंद मोठ्या रजिस्टरमध्ये व्हायची. रजिस्टरवरून तीच नोंद संगणकात. संगणकातून छापील प्रत, तिच्यावर दोन सह्या, आणि ती प्रत फाइलला. पूर्वी एक काम होतं, आता तीन झाली. संगणक म्हणजे आमच्याकडे शाफ्टला जोडलेली मोटर होती. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: रजिस्टर ठेवायची पद्धत आहे.

अमेरिकेत १९९५ नंतर साधारण दहा वर्षं उत्पादकतेचे आकडे खरोखर उसळले आणि मग पुन्हा खाली बसले. आमच्याकडे बदल झाला तो एका नव्या बाईंमुळे. बदली होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “हे रजिस्टर वाचतं कोण?” कुणालाच सांगता येईना. त्यांनी वर्षभराची रजिस्टरं मागवली, त्यात नोंद करणाऱ्याव्यतिरिक्त कुणाचीही खूण, शेरा, सही सापडते का ते बघितलं, आणि पुढच्या महिन्यापासून ते बंद केलं. छापील प्रतही बंद झाली. दोन माणसं मोकळी झाली. ती तक्रारींच्या टेबलावर बसवली, आणि तीन-तीन आठवडे पडून राहणारी उत्तरं चार दिवसांत जाऊ लागली. नवं यंत्र घेतलं नव्हतं, नवा माणूस घेतला नव्हता, त्यामुळे कार्यालयाच्या खर्चाच्या कुठल्याच रकान्यात या गोष्टीची नोंद नाही.